रॅम स्वस्त झाली आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीतल्या १,३०० नोकऱ्या गेल्या. चिपच्या धंद्यातलं हे चक्र नेमकं काय आहे?

२०२५ च्या शेवटी कुणी लॅपटॉपची रॅम वाढवायला गेलं असेल, तर दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून चाट पडलं असेल. लॅमिंग्टन रोड असो नाहीतर पुण्यातली तपकीर गल्ली, सगळीकडे एकच रड. काही महिन्यांपूर्वीच्या दुपटीहून जास्त भाव, आणि वर "माल येत नाहीये" हे ठरलेलं वाक्य.

पण फक्त तीन वर्षं मागे जा. २०२२-२३ मध्ये चित्र बरोबर उलटं होतं. रॅम, एसएसडी, पेनड्राइव्ह सगळंच स्वस्त होत चाललं होतं. आपल्यासारख्या गिऱ्हाइकांची चंगळ होती. मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्या मात्र अब्जावधी डॉलरच्या तोट्यात बुडत होत्या. आणि धक्का बसला तो अशा काही कंपन्यांनाही, ज्या एकही चिप बनवत नाहीत. त्या फक्त चिप बनवायची मशीन्स बनवतात.

२५ जानेवारी २०२३ ची गोष्ट. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली लॅम रिसर्च ही कंपनी तिमाही निकाल जाहीर करते. कमाई ५.२८ अब्ज डॉलर, म्हणजे तोपर्यंतचा विक्रम. आणि त्याच दिवशी कंपनी सांगते, आम्ही सुमारे १,३०० कर्मचाऱ्यांना कमी करतोय. एकूण मनुष्यबळाच्या साधारण ७ टक्के.

विक्रमी कमाई आणि त्याच दिवशी नोकरकपात? हे कसं काय?

हेच समजून घेऊया.

आधी हे मेमरी चिप प्रकरण काय आहे ते बघू

तुमच्या फोनमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारच्या चिप असतात. एक डोकं चालवणारी, म्हणजे प्रोसेसर. दुसरी लक्षात ठेवणारी, म्हणजे मेमरी.

मेमरीतही दोन भावंडं. एक डीरॅम. आपण जिला नुसतं रॅम म्हणतो ती हीच. फोन चालू असताना लागणारी तात्पुरती माहिती ती सांभाळते, लाइट गेली की सगळं विसरते. दुसरी नँड फ्लॅश. तुमचे फोटो, व्हिडिओ, ॲप यात साठतात आणि फोन बंद केला तरी तिथेच राहतात.

प्रोसेसर आणि मेमरी यांच्या धंद्यात एक मोठा फरक आहे. प्रोसेसर बदलायचा तर सगळी रचना बदलावी लागते. मेमरीचं तसं नाही. मेमरी ठरलेल्या मापात, ठरलेल्या नियमांनुसार बनते. १६ जीबीची रॅम सॅमसंगची असो, एसके हायनिक्सची असो की मायक्रॉनची, लॅपटॉपला फारसा फरक पडत नाही. जी स्वस्त मिळेल ती घ्यायची.

म्हणजे मेमरी हा हायटेक माल असला, तरी तिचा बाजार चालतो लासलगावच्या कांद्यासारखा. माल कमी आला की भाव आभाळाला. माल जास्त आला की कुणी विचारत नाही. भाव शेतकरी ठरवत नाही, बाजार ठरवतो.

फरक एवढाच, की कांदा पिकवणारे लाखो आहेत. डीरॅमच्या जागतिक बाजाराचा ९० टक्क्यांहून जास्त हिस्सा मात्र फक्त तीन कंपन्यांकडे आहे. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन.

तीनच कंपन्या आहेत, तर जास्त माल बनतोच कसा?

रास्त प्रश्न आहे. तिघांनी बसून ठरवलं तर भाव पडणारच नाहीत, असं वाटू शकतं. पहिली गोष्ट म्हणजे असं बसून ठरवणं बेकायदेशीर आहे. दुसरी म्हणजे या धंद्याचं गणितच विचित्र आहे.

मेमरी चिपचा कारखाना, ज्याला फॅब म्हणतात, उभा करायला अब्जावधी डॉलर लागतात आणि दोन-तीन वर्षं जातात. म्हणजे आज तेजी आहे म्हणून कारखाना बांधायला घेतला, तर माल बाहेर पडेपर्यंत तेजी टिकेल की नाही, कुणालाच माहीत नसतं. आणि तेजीत एकटी कंपनी बांधत नाही, सगळ्याच बांधायला घेतात.

एकदा फॅब उभा राहिला की पैसा आधीच जाऊन बसलेला असतो. मशीन चालवा नाहीतर बंद ठेवा, त्याची घसाऱ्याची रक्कम वहीत पडतच राहते. त्यामुळे भाव पडले तरी कंपन्या लगेच मशीन थांबवत नाहीत. वीज, रसायनं, पगार एवढा रोजचा खर्च निघतोय ना, मग चालू दे. शिवाय आपण थांबलो आणि बाकीचे दोघं चालूच राहिले, तर बाजारातला आपला हिस्सा गेला.

आणखी एक गंमत. सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, फॅबमध्ये शिरल्यापासून तयार चिप बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे आज निर्णय बदलला तरी वाटेत असलेला माल येतच राहतो.

हा खेळ किती जीवघेणा असू शकतो, याची उदाहरणं आहेत. जर्मनीच्या किमोंडा या मेमरी कंपनीने जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच वाटेने गेली, तिला पुढे मायक्रॉनने विकत घेतलं. आज मोठे असे तिघंच उरले आहेत, कारण बाकीचे बरेचसे या चक्रात संपले.

२०२२ मध्ये काय बिनसलं?

कोरोनाकाळ आठवा. वर्क फ्रॉम होम, ऑनलाइन शाळा. घरोघरी लॅपटॉप, टॅब, नवे फोन घेतले गेले. चिपचा इतका तुटवडा झाला की गाड्यांची डिलिव्हरी अडकली. ज्यांना चिप लागायच्या त्या कंपन्यांनी घाबरून गरजेपेक्षा जास्त ऑर्डर टाकल्या. न जाणो, उद्या मिळाल्या नाहीत तर?

मग २०२२ उजाडलं. युक्रेनचं युद्ध, महागाई, वाढलेले व्याजदर. आणि मुळात ज्यांनी २०२१ मध्ये लॅपटॉप घेतला, ते २०२२ मध्ये दुसरा कशाला घेतील? आयडीसी या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगभरात कंपन्यांनी सुमारे १२० कोटी स्मार्टफोन बाजारात पाठवले. आदल्या वर्षीपेक्षा ११ टक्के कमी.

फोन आणि लॅपटॉप कंपन्यांकडे आधीचाच साठा पडून होता. त्यांनी नवी मेमरी घेणं थांबवलं. मेमरी कंपन्यांच्या गोदामात माल साचत गेला आणि भाव कोसळले.

परिणाम? मायक्रॉनची २०२२ या आर्थिक वर्षातली विक्री होती ३०.७६ अब्ज डॉलर. २०२३ मध्ये ती आली १५.५४ अब्जांवर. म्हणजे निम्मी. वर ५.८३ अब्ज डॉलरचा तोटा. एसके हायनिक्सला २०२३ मध्ये ७.७३ लाख कोटी वॉनचा परिचालन तोटा झाला.

आता मुद्द्याचं: मशीनवाल्यांचा यात काय संबंध?

पुन्हा लासलगावला जाऊ. कांद्याचा भाव पडला की पहिला फटका शेतकऱ्याला. पण त्या वर्षी तालुक्यातल्या ट्रॅक्टरच्या शोरूमची काय अवस्था होते? शेतकरी बियाणं घेतो, खत घेतो, कारण त्याशिवाय चालत नाही. नवा ट्रॅक्टर मात्र पुढच्या वर्षावर ढकलतो.

चिपच्या जगात ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्या आहेत नेदरलँड्सची एएसएमएल, अमेरिकेच्या अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च आणि केएलए, जपानची टोकियो इलेक्ट्रॉन. यातलं प्रत्येक मशीन वेगळं काम करतं. कुणी प्रकाशाने वेफरवर नक्षी छापतं, कुणी अणूंएवढे पातळ थर चढवतं, कुणी नको तो भाग कोरून काढतं, कुणी चुका शोधतं. किंमत लाखो डॉलर, काहींची तर कोट्यवधी.

मेमरी कंपन्या अडचणीत आल्या की सगळ्यात आधी कात्री लागते ती या खरेदीला. २०२२ च्या शेवटी नेमकं हेच झालं:

• सप्टेंबर २०२२: मायक्रॉनने पुढच्या वर्षाची एकूण गुंतवणूक ३० टक्क्यांनी कमी केली. त्यातली मशीन खरेदी तर जवळपास निम्म्यावर आणली.

• ऑक्टोबर २०२२: जपानच्या किओक्सियाने नँडचं उत्पादन ३० टक्क्यांनी घटवलं. एसके हायनिक्सने २०२३ ची गुंतवणूक निम्म्याहून कमी करणार असल्याचं सांगितलं.

• नोव्हेंबर २०२२: मायक्रॉनने डीरॅम आणि नँडचं उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी कमी केलं.

• एप्रिल २०२३: तोपर्यंत नाही नाही म्हणणाऱ्या सॅमसंगनेही मेमरीचं उत्पादन घटवायचं जाहीर केलं. त्या तिमाहीत कंपनीचा नफा वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ९६ टक्क्यांच्या आसपास घसरला होता.

पण घसरण एवढी मोठी का होते?

इथे एक साधं गणित करून बघू. आकडे काल्पनिक आहेत, पण मुद्दा लक्षात येईल.

समजा एका मेमरी कंपनीकडे १०० मशीन्स आहेत. दरवर्षी त्यातली १० जुनी होतात, ती बदलावी लागतात. मागणी १० टक्क्यांनी वाढतेय, म्हणून वाढीसाठी आणखी १० लागतात. म्हणजे मशीनवाल्याला वर्षाला २० ची ऑर्डर.

आता समजा मागणी घटली नाही, फक्त वाढायची थांबली. मेमरी कंपनीचा धंदा तेवढाच राहिला. पण वाढीची १० मशीन्स आता नको झाली. मशीनवाल्याची ऑर्डर २० वरून १० वर. म्हणजे गिऱ्हाइकाचा धंदा शून्य टक्के घटला आणि मशीनवाल्याचा ५० टक्के!

आणि मागणी खरंच २० टक्के घटली तर? मग २० मशीन्स रिकामीच पडतील. जुन्या १० च्या बदल्यात नवी कशाला घ्या, रिकामी वापरा. ऑर्डर थेट शून्य.

एवढ्यावर थांबत नाही. मशीन कंपन्या फक्त मशीन विकत नाहीत. सुटे भाग, दुरुस्ती, देखभाल, अपग्रेड यातूनही त्यांची मोठी कमाई असते. मशीन रोज चालतं तेव्हा भाग झिजतात. मशीन बंद असेल तर झिजणार काय? त्यामुळे मेमरी कंपन्या गुंतवणूक कमी करतात तेव्हा पहिला फटका आणि उत्पादन कमी करतात तेव्हा दुसरा.

लॅमलाच एवढा फटका का?

सगळ्या मशीन कंपन्यांना सारखा मार बसला नाही. कोण मेमरीवर किती अवलंबून आहे, यावर सगळं ठरलं.

लॅम रिसर्चची खासियत आहे कोरणं आणि थर चढवणं. आणि आजची नँड चिप म्हणजे एक टॉवर आहे. पूर्वी मेमरीचे कप्पे बैठ्या चाळीसारखे एका पातळीवर असायचे. जागा संपली, तेव्हा कंपन्यांनी मजल्यावर मजले चढवायला सुरुवात केली. आता २०० च्या वर मजले झालेत. एवढे थर चढवायचे आणि मग वरपासून खालपर्यंत सरळ, केसाहून कितीतरी बारीक भोकं कोरायची, हे काम लॅमच्या हातखंड्याचं.

म्हणूनच २०२२ या आर्थिक वर्षात लॅमच्या मशीन विक्रीतला सुमारे ६० टक्के वाटा मेमरी कंपन्यांचा होता. पुढच्या वर्षी तो ४२ टक्क्यांवर आला.

त्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप तंत्रज्ञान विकण्यावर निर्बंध घातले. यामुळे २०२३ मध्ये २ ते २.५ अब्ज डॉलरची विक्री हातची जाईल, असा अंदाज लॅमने तेव्हा दिला होता. म्हणजे लॅमच्या घसरणीचं सगळं खापर मेमरीच्या मंदीवर फोडता येणार नाही. दोन संकटं एकाच वेळी आली.

मग विक्रमी कमाई कशी?

आता सुरुवातीचं कोडं सोडवू. मशीनची ऑर्डर दिली आणि दुसऱ्या दिवशी आलं, असं होत नाही. ऑर्डरपासून डिलिव्हरीपर्यंत बरेच महिने जातात. त्यात २०२१-२२ मध्ये खुद्द मशीन बनवायलाच सुटे भाग मिळत नव्हते. त्यामुळे जुन्या ऑर्डरी तुंबल्या होत्या. २०२२ च्या शेवटी त्या पूर्ण झाल्या आणि कमाईत दिसल्या.

थोडक्यात, डिसेंबर २०२२ ची विक्रमी कमाई ही जुन्या तेजीची होती. नवीन ऑर्डरचा रकाना मात्र कंपनीला दिसत होता. म्हणून माणसं त्याच दिवशी कमी झाली. सहा महिन्यांनी, जून २०२३ च्या तिमाहीत कमाई होती ३.२१ अब्ज डॉलर. म्हणजे जवळपास ४० टक्के घट.

ज्यांची नोकरी गेली त्यांच्या बाजूने बघा. कंपनीने आजवरची सर्वोच्च कमाई केलीय, तुमचं कामही चोख आहे, आणि तरीही तुमचं टेबल रिकामं होतं. कारण जगाच्या दुसऱ्या टोकाला लोकांनी नवा फोन घ्यायचं सहा महिने पुढे ढकललं.

बाकीच्यांचं काय झालं?

इथे एक आकडा बुचकळ्यात टाकतो. सेमी या उद्योग संघटनेच्या माहितीनुसार जगभरातली चिप मशीन्सची विक्री २०२२ मध्ये १०७.६ अब्ज डॉलर होती आणि २०२३ मध्ये १०६.३ अब्ज. म्हणजे जेमतेम १.३ टक्के घट. मग संकट कुठे होतं?

सरासरी बऱ्याचदा खरी गोष्ट लपवते. मेमरीची खरेदी आटली, पण दोन जणांनी ती जागा भरून काढली.

पहिला चीन. निर्बंध आणखी कडक होतील या भीतीने चिनी कंपन्यांनी जुन्या तंत्रज्ञानाच्या, बंदी नसलेल्या मशीन्सची धडाक्यात खरेदी केली. २०२३ मध्ये चीनमधली विक्री २९ टक्क्यांनी वाढून ३६.६ अब्ज डॉलरवर गेली. सप्टेंबर २०२३ च्या तिमाहीत तर लॅमच्या कमाईतला ४८ टक्के वाटा एकट्या चीनचा होता.

दुसरे म्हणजे प्रोसेसर आणि गाड्यांसाठीच्या चिप बनवणारे. त्यांची खरेदी चालू होती. म्हणून अप्लाइड मटेरियल्सने २०२३ मध्ये उलट २६.५ अब्ज डॉलरची विक्रमी विक्री केली. एएसएमएलकडे तर आधीच्या ऑर्डरींचा ढीग होता. तिची विक्री २१.२ अब्ज युरोवरून २७.६ अब्ज युरोवर गेली. टोकियो इलेक्ट्रॉनची विक्री मात्र २.२१ लाख कोटी येनवरून १.८३ लाख कोटी येनवर घसरली.

सावरायला वेळ का लागला?

उत्पादन कमी केल्याचा परिणाम २०२३ च्या शेवटी दिसायला लागला. साठा उतरला, भाव वर आले. तोवर एआयची लाट आली. एआयच्या चिपला लागणारी एचबीएम नावाची खास मेमरी, ज्यात डीरॅमच्या चिप एकावर एक रचलेल्या असतात, कितीही बनवली तरी कमीच पडू लागली. एसके हायनिक्सने २०२४ मध्ये २३.४७ लाख कोटी वॉनचा विक्रमी परिचालन नफा कमावला. आदल्या वर्षी याच कंपनीला पावणेआठ लाख कोटींचा तोटा होता!

पण लॅमचे आकडे बघा. २०२३ आर्थिक वर्ष १७.४ अब्ज डॉलर. जून २०२४ ला संपलेलं वर्ष १४.९ अब्ज. म्हणजे मेमरीचे भाव सावरल्यावरही मशीनवाल्यांची वार्षिक कमाई खालीच होती. कारण वरच्या गणितातली ती २० रिकामी मशीन्स. तेजी आली की मेमरी कंपन्या आधी ती चालू करतात. ती भरली की मगच नवीन ऑर्डर. लॅमची कमाई १८.४ अब्जांवर पोचायला जून २०२५ उजाडलं.

आपल्याला याचं काय?

बरंच काही. जून २०२३ मध्ये मायक्रॉनने गुजरातच्या साणंदमध्ये चिपची जुळणी आणि चाचणी करणारा प्रकल्प जाहीर केला. एकूण गुंतवणूक २.७५ अब्ज डॉलर. यात मायक्रॉनचा वाटा ८२.५ कोटी डॉलरपर्यंत आहे. बाकीचा पैसा केंद्र आणि गुजरात सरकारचा, म्हणजे करदात्यांचा. लक्षात घ्या, ही घोषणा झाली तेव्हा मायक्रॉन स्वतः तोट्यात होती. लॅम आणि अप्लाइड मटेरियल्स या दोन्ही कंपन्यांची बंगळुरूमध्ये मोठी अभियांत्रिकी केंद्रं आहेत. तिथे जाणाऱ्यांमध्ये आपल्याकडची इंजिनीअर पोरं-पोरी असतातच. त्यामुळे हे चक्र आता फक्त कोरिया आणि अमेरिकेचं राहिलेलं नाही.

या क्षेत्रात करिअर करायचं असेल, तर कंपनीचा आजचा नफा बघून भुलू नका. तिची गिऱ्हाइकं कोण, आणि त्या गिऱ्हाइकांच्या गोदामात किती माल पडून आहे, हे बघा. मेमरी कंपन्या गुंतवणूक वाढवतायत की कापतायत, ही बातमी मशीनवाल्यांच्या निकालाच्या कितीतरी आधी येते.

सध्या चक्र वरच्या टोकाकडे आहे. एआयच्या डेटा सेंटरना एवढी मेमरी हवीय, की डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा रॅम-एसएसडीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव चढे आहेत आणि नवे फॅब बांधायच्या घोषणा होतायत. ते उभे राहायला दोन-तीन वर्षं लागतील.

तेव्हाही एआयची भूक अशीच राहिली, तर प्रश्न नाही. नाही राहिली, तर लॅमिंग्टन रोडवर रॅम पुन्हा स्वस्त झालेली असेल. त्या दिवशी रॅम जरूर घ्या. फक्त मशीन बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये त्या आठवड्यात काय चाललं असेल, याचा अंदाज आता तुम्हाला आलेला असेल.